टाकीविना गिझर किती क्षमतेचा घ्यावा : ठाणे आणि नवी मुंबईतील घरांसाठी हिशेब

दुकानात गिझर घ्यायला गेलेल्या माणसाला पहिला प्रश्न विचारला जातो तो असा : "किती लिटरचा देऊ?" टाकी असलेल्या गिझरच्या बाबतीत हा प्रश्न योग्य आहे, कारण तिथे साठवलेले गरम पाणी हीच त्याची क्षमता असते. परंतु इन्स्टंट गिझर किंवा गॅस गिझर यांत पाणी साठवले जात नाही, ते नळातून वाहता वाहता तापते. अशा यंत्राची क्षमता दर मिनिटाला किती लिटर पाणी किती अंशांनी तापते यावर मोजायची असते. इन्स्टंट गिझरवर ठळक अक्षरांत छापलेले "१ लिटर" किंवा "३ लिटर" हे आकडे आतल्या लहानशा भांड्याचे असतात, आणि १ लिटरचा व ३ लिटरचा असे दोन्ही गिझर बहुधा ३ किलोवॅटचेच असतात. म्हणजे नळ सोडल्यावर पहिल्या मिनिटभरात दोघांत फरक जाणवेल, पण त्यानंतर दोघेही सारखेच पाणी देतील. हा एक मुद्दा नीट ध्यानात आला तरी चुकीच्या खरेदीतून बरीच सुटका होते.

योग्य क्षमता ठरवण्यासाठी तीन गोष्टी स्वतःच्या घरी मोजाव्या लागतात : टाकीतून येणारे पाणी किती थंड आहे, आंघोळीला किती गरम पाणी लागते आणि नळातून मिनिटाला किती पाणी पडते. या तिन्हींसाठी लागणारे सामान म्हणजे एक साधा थर्मामीटर, एक बादली आणि घड्याळ. विक्रेत्याचा सल्ला या मोजणीनंतर घ्यावा, आधी नव्हे.

प्रथम तापमान. जानेवारीतल्या एखाद्या गार सकाळी, सहा-साडेसहाच्या सुमारास, न्हाणीघरातील थंड पाण्याचा नळ मिनिटभर वाहू द्यावा आणि मग भांड्यात पाणी धरून त्याचे तापमान पाहावे. ताप पाहण्याचा थर्मामीटर येथे उपयोगाचा नाही, कारण त्याचा पल्ला साधारण ३५ अंशांपासून सुरू होतो. स्वयंपाकघरात वापरला जाणारा डिजिटल थर्मामीटर घ्यावा. आमच्या पाचपाखाडीच्या घरी, गच्चीवरच्या टाकीचे पाणी, गेल्या दोन हिवाळ्यांत सकाळी २२ अंशांच्या आसपास आले. आपल्याकडे येणारे पाणी याहून एक-दोन अंश वर किंवा खाली असू शकते. गच्चीवरच्या काळ्या प्लास्टिकच्या टाकीतले पाणी आणि जमिनीखालच्या काँक्रीटच्या टाकीतून नुकतेच वर चढवलेले पाणी यांत फरक पडतोच. आंघोळीचे पाणी बहुतेकांना ३८ ते ४० अंशांचे आवडते. २२ वरून ४० पर्यंत, म्हणजे १८ अंशांची वाढ, हा या लेखातील हिशेबाचा पाया धरला आहे. ज्यांचे मोजमाप वेगळे येईल त्यांनी १८ च्या जागी आपला आकडा घालावा.

ही वाढ एवढ्यासाठी महत्त्वाची की परदेशी माहितीपत्रकांतील तक्ते आपल्याला लागू पडत नाहीत. जिथे हिवाळ्यात नळाचे पाणी ५ अंशांवर येते तिथे ते ४० पर्यंत नेण्यास ३५ अंशांची वाढ लागते, म्हणजे आपल्या जवळजवळ दुप्पट. ते तक्ते पाहून ठाण्यात गिझर घेणारा माणूस गरजेच्या दुप्पट मोठे यंत्र घरी आणतो, आणि मोठे यंत्र घेतल्याने नुसते पैसे जास्त जातात असे नाही, त्याचा त्रासही होतो. तो कसा, हे पुढे येईल.

आता सूत्र. १ लिटर पाणी १ अंशाने तापवण्यास ४.१८६ किलोज्यूल उष्णता लागते. मिनिटात ६० सेकंद असल्यामुळे ४.१८६ ला ६० ने भागले की ०.०७ हा सोयीचा आकडा मिळतो. मिनिटाला लागणारे लिटर, गुणिले अंशांची वाढ, गुणिले ०.०७, बरोबर लागणारे किलोवॅट. एवढेच सूत्र लक्षात ठेवायचे आहे. साध्या शॉवरमधून मिनिटाला ६ लिटर पाणी पडते असे धरू. ६ गुणिले १८ गुणिले ०.०७ म्हणजे सुमारे ७.५ किलोवॅट. बाजारात सर्रास मिळणारा इन्स्टंट गिझर ३ किलोवॅटचा असतो. त्याच थंडीत त्याच्याकडून ४० अंशांचे पाणी हवे असेल तर ते मिनिटाला जेमतेम २.४ लिटर मिळेल, आणि ४.५ किलोवॅटच्या गिझरमधून साडेतीन लिटर. या धारेला शॉवर म्हणणे कठीण आहे. उलट मे महिन्यात टाकीचे पाणी ३१ अंशांवर असेल आणि आपल्याला ३७ अंश पुरत असतील, तर वाढ केवळ ६ अंशांची होते आणि तोच ३ किलोवॅटचा गिझर मिनिटाला ७ लिटर देतो. उन्हाळ्यात घर घेऊन त्याच सुमारास गिझर बसवणाऱ्या कुटुंबांची फसगत येथेच होते. बसवला त्या दिवशी उत्तम चालणारा गिझर संक्रांतीच्या सुमारास कोमट पाणी देऊ लागतो, आणि यंत्र बिघडले असे समजून दुरुस्तीवाल्याला बोलावले जाते. वास्तविक यंत्र पहिल्यापासून तेवढेच काम करत असते.

नळाचा प्रवाह मोजण्यास बादली पुरते. घरातल्या बादलीत नेमके किती लिटर मावतात हे एकदा लिटरच्या बाटलीने भरून पाहावे, कारण बाजारात २० लिटरची म्हणून मिळणारी बादली काठोकाठ भरल्याशिवाय २० लिटर होत नाही. मग नळ पूर्ण सोडून बादली किती सेकंदांत भरते ते पाहावे. १६ लिटरला ३ मिनिटे लागली तर प्रवाह मिनिटाला साधारण ५.३ लिटर झाला. शॉवरखाली बादली ठेवून हीच मोजणी पुन्हा करावी. ही मोजणी सकाळी, शेजारीपाजारी सर्वांचे नळ चालू असतानाच्या वेळी करावी, कारण दुपारी येणारा आकडा आपल्याला आंघोळीच्या वेळी मिळणार नसतो.

बादलीने आंघोळ करणाऱ्यांचा हिशेब

आपल्याकडच्या बहुसंख्य घरांत अजूनही बादलीने आंघोळ होते, आणि गिझरच्या दृष्टीने हे फार सोयीचे आहे. शॉवरला वाहत्या धारेतच गरम पाणी हवे असते. बादलीला तशी घाई नसते. त्यामुळे बादलीने आंघोळ करणाऱ्याने मिनिटाच्या लिटरांऐवजी बादली भरण्यास लागणारा वेळ काढावा : बादलीतले लिटर, गुणिले अंशांची वाढ, गुणिले ०.०७, भागिले गिझरचे किलोवॅट. २० लिटरची बादली १८ अंशांनी तापवण्यास ३ किलोवॅटच्या गिझरला सुमारे साडेआठ मिनिटे लागतात. ४.५ किलोवॅटला साडेपाच ते सहा मिनिटे लागतात, आणि ज्या गॅस गिझरवर मिनिटाला ६ लिटर असे लिहिलेले असते त्याला अडीच मिनिटांहूनही कमी.

नरक चतुर्दशीच्या पहाटे घरातल्या पाचजणांचे अभ्यंगस्नान उजाडण्याआधी आटोपायचे आहे असे धरा. ३ किलोवॅटच्या इन्स्टंट गिझरवर पाच बादल्यांना साधारण ४२ मिनिटे लागतील. एकाची आंघोळ चालू असताना दुसऱ्याची बादली भरत राहिली तर कोणालाही फारसे थांबावे लागणार नाही. १५ लिटरच्या, २ किलोवॅटच्या टाकीवाल्या गिझरशी याची तुलना करून पाहा. टाकीतले पाणी ६० अंशांवर असेल तर थंड पाणी मिसळून त्यातून ४० अंशांचे फार तर ३० लिटर पाणी निघते, म्हणजे दीड बादली. पुढच्या तापण्यास २० मिनिटे जातात. पहिल्या दोघांना हा गिझर छान वाटतो, तिसऱ्याला आणि चौथ्याला ताटकळावे लागते. इन्स्टंट गिझर कोणालाच झटपट पाणी देत नाही, पण शेवटच्या माणसालाही पहिल्याइतकेच देतो. दिवाळीच्या सुमारास ठाण्यात पाणी जानेवारीइतके गार नसते, म्हणून प्रत्यक्षात वेळ याहून कमी लागेल. परंतु हिशेब वर्षातल्या सर्वांत गार सकाळीचाच धरावा.

माझे मत असे की बादलीने आंघोळ करणाऱ्या, एका न्हाणीघराच्या, तीन-चार माणसांच्या घराला ३ किलोवॅटचा इन्स्टंट गिझर पुरतो, आणि अशा घराने उगाच मोठ्या यंत्रामागे लागू नये. त्यात ३ लिटरच्या भांड्याचा घ्यावा, कारण नळ मधूनमधून बंद-चालू केल्यास पाण्याच्या तापमानात होणारी चढउतार त्यात थोडी कमी जाणवते. केवळ स्वयंपाकघरात भांडी घासण्यासाठी हवा असेल तर १ लिटरचा पुरे.

विजेचा मार्ग कुठे अडतो

शॉवरला साडेसात किलोवॅट लागतात, तर साडेसात किलोवॅटचा विजेचा गिझर का घेऊ नये, असा प्रश्न साहजिकच पडतो. उत्तर घरच्या वायरिंगमध्ये आहे. आपल्याकडे घरात २३० व्होल्टची वीज येते. ३ किलोवॅटचा गिझर सुमारे १३ अँपिअर ओढतो आणि १६ अँपिअरच्या मोठ्या प्लगवर चालतो. ४.५ किलोवॅटचा गिझर जवळजवळ २० अँपिअर ओढतो. तो प्लगवर चालवायचाच नाही. त्याला मुख्य बोर्डापासून स्वतंत्र ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, २५ अँपिअरचा एमसीबी (भार मर्यादेपलीकडे गेला की वीज तोडणारा स्विच) आणि दोन्ही तारा तोडणारा डबल पोल स्विच द्यावा लागतो. ७.५ किलोवॅटला ३३ अँपिअर लागतात, आणि तेवढा भार एकट्या न्हाणीघरासाठी उचलण्याची तयारी बहुतेक सदनिकांत नसते.

महावितरणच्या बिलावर "मंजूर भार" असा रकाना असतो. तो गिझर घेण्यापूर्वी पाहावा. वाशी, नेरुळ, कोपरखैरणे येथील सिडकोच्या जुन्या इमारतींत किंवा नौपाड्यातल्या चार मजली इमारतींत वायरिंग टाकले गेले तेव्हा घरात दोन-तीन पंखे, दिवे, फ्रिज आणि दूरचित्रवाणी संच एवढेच होते. आता तिथेच सकाळी एका न्हाणीघरात ३ किलोवॅटचा गिझर, दुसऱ्यातही तसाच, आणि ओट्यावर २ किलोवॅटची इंडक्शन शेगडी एकाच वेळी चालू असते. एकूण ८ किलोवॅट, म्हणजे सुमारे ३५ अँपिअर. मेन स्विच पडला तर ते सुदैव समजावे. न पडता भिंतीच्या आतली जुनी वायर तापत राहिली तर धोका जास्त असतो, कारण तो दिसत नाही. वायरमनकडून वायरची जाडी तपासून घ्यावी, अर्थिंग मोजून घ्यावे, आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) नसेल तर गिझरच्या आधी तो बसवावा. ओल्या अंगाने ज्या यंत्राजवळ उभे राहायचे त्याच्याबाबत एवढा खर्च वाचवू नये.

व्होल्टेजचाही परिणाम असतो आणि तो वाटतो त्यापेक्षा मोठा असतो. गिझरची शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. २३० ऐवजी २१० व्होल्ट आले तर ३ किलोवॅटचा गिझर प्रत्यक्षात अडीच किलोवॅटचेच काम करतो, आणि साडेआठ मिनिटांची बादली दहा मिनिटांवर जाते. सकाळच्या वेळी ज्यांच्या इमारतीत दिवे किंचित मंद होतात त्यांनी हिशेबात ही घट आधीच धरावी.

गॅस गिझर : आकडा एक, अर्थ दोन

ठाणे आणि नवी मुंबईच्या पुष्कळ इमारतींत महानगर गॅसची नळजोडणी आलेली आहे. त्यामुळे शॉवरची सवय असलेल्या घरांना गॅस गिझर हा सहज सुचणारा पर्याय आहे. त्यावर "मिनिटाला ६ लिटर" असे लिहिलेले असते. हा आकडा बहुधा २५ अंशांची वाढ गृहीत धरून दिलेला असतो, आणि त्याचा उल्लेख खोक्यावर किंवा माहितीपत्रकात बारीक अक्षरांत असतो. तो शोधून वाचावा. ६ गुणिले २५ गुणिले ०.०७ म्हणजे पाण्याला मिळणारी उष्णता सुमारे १०.५ किलोवॅट. आपल्याला २५ नव्हे, १८ अंशांचीच वाढ हवी, म्हणून हाच गिझर आपल्या हिवाळ्यात मिनिटाला ८ लिटरच्या पुढे पाणी देऊ शकतो. एक शॉवर आरामात चालेल. दोन न्हाणीघरांत एकाच वेळी बादल्या भरल्या तरीही निभेल. दोन शॉवर मात्र एकत्र चालणार नाहीत, कारण त्यांना १२ ते १३ लिटर लागतील. अशा घराने एकाच मोठ्या गिझरपेक्षा एका न्हाणीघरासाठी गॅस आणि दुसऱ्यासाठी ३ किलोवॅटचा विजेचा गिझर असा जोड करावा असे मी सुचवीन.

मोठा गॅस गिझर का टाळावा, याची दोन कारणे आहेत. पहिले कारण मीटरचे. ६ लिटरचा गिझर पूर्ण ज्योतीवर ताशी साधारण सव्वा घनमीटर नैसर्गिक वायू जाळतो. १० लिटरचा गिझर ताशी २ घनमीटरच्या वर जातो. घरगुती गॅस मीटरवर कमाल प्रवाह लिहिलेला असतो, आणि लहान मीटरवर तो सहसा ताशी २.५ घनमीटर असतो. सकाळी शेगडीच्या दोन-तीन ज्योतीही चालू असल्या तर ही मर्यादा गाठली जाते आणि इकडे आंघोळीचे पाणी गार होते, तिकडे पोळ्यांची ज्योत खाली जाते. मोठा गिझर घ्यायचाच असेल तर आधी मीटरवरचा आकडा पाहावा आणि गॅस कंपनीला विचारावे.

दुसरे कारण उन्हाळ्याचे, आणि याकडे दुकानात कोणी लक्ष वेधत नाही. प्रत्येक गॅस गिझरला एक किमान ज्योत असते. तिच्याखाली ती लहान होत नाही. समजा एखाद्या मोठ्या गिझरची किमान ज्योत साडेचार किलोवॅटची आहे आणि नळातून मिनिटाला ३ लिटर पाणी येत आहे. तर पाणी किमान २१ अंशांनी तापणारच. एप्रिल-मेमध्ये ३० अंशांवर आलेले पाणी ५१ अंशांवर बाहेर पडेल, आणि बटण कितीही "लो" कडे फिरवले तरी ते खाली येणार नाही. लहान मुले आणि वयस्क माणसे असलेल्या घरात हे चालण्यासारखे नाही. म्हणून विकत घेताना कमाल क्षमतेसोबत किमान क्षमताही विचारावी. ती जितकी कमी तितका तो गिझर आपल्या हवामानाला योग्य.

स्वतःची चूक येथे सांगणे मला आवश्यक वाटते. आमचे घर इमारतीच्या शेवटच्या मजल्यावर आहे. काही वर्षांपूर्वी एका विक्रेत्याच्या सांगण्यावरून आम्ही १० लिटरचा गॅस गिझर आणला. बसवल्यावर तो पेटेचना. शॉवर सोडला की एकदा टिकटिक होई, क्षणभर ज्योत दिसे आणि विझे. यंत्रात दोष नव्हता. गॅस गिझर पाण्याच्या दाबावर आणि प्रवाहावर पेटतो. आमच्या यंत्राला पेटण्यासाठी मिनिटाला ३ लिटरहून अधिक प्रवाह लागत होता, आणि गच्चीवरची टाकी आमच्या न्हाणीघराच्या शॉवरपेक्षा जेमतेम ३ मीटर उंच असल्याने तेवढा प्रवाह पाइपातून येतच नव्हता. आम्ही बादलीने आधी प्रवाह मोजला असता तर ही खरेदी झालीच नसती.

दाबाचा हिशेब सोपा आहे. टाकी आणि नळ यांच्या उंचीतील दर १० मीटरला साधारण १ बार दाब मिळतो. शेवटच्या मजल्यावर ३ मीटर उंचीचा अर्थ ०.३ बार, आणि त्यातूनही काही पाइपाच्या वळणांत खर्च होतो. गिझरवर किमान दाब मेगापास्कलमध्ये लिहिलेला असेल तर ०.०३ मेगापास्कल म्हणजे ०.३ बार, हे लक्षात ठेवावे. वरच्या दोन मजल्यांवर राहणाऱ्यांनी मिनिटाला दोन-सव्वादोन लिटरलाही पेटणारा, कमी दाबासाठी बनवलेला गिझरच निवडावा, किंवा सोसायटीच्या परवानगीने लहान प्रेशर पंप बसवावा. उलट घोडबंदर रस्त्यावरच्या किंवा खारघरच्या उंच मनोऱ्यांत खालच्या मजल्यांवर प्रश्न अतिदाबाचा असतो. टाकीच्या २० मजले खाली, दाब कमी करणारी झडप नसेल तर, ६ बारपर्यंत दाब येऊ शकतो. इन्स्टंट गिझरच्या पाटीवर ६.५ किंवा ८ बार असा सहनशक्तीचा आकडा असतो. आपल्या मजल्यावरचा दाब सोसायटीच्या प्लंबरला विचारून मगच तो आकडा निवडावा.

गॅस गिझर बंद न्हाणीघरात बसवू नये

क्षमतेच्या लेखात हा विषय अवांतर वाटेल, पण तो तसा नाही. गिझर जितका मोठा तितकी त्याला जळण्यासाठी हवा जास्त लागते, हाही क्षमतेचाच हिशेब आहे. १ घनमीटर नैसर्गिक वायू पूर्ण जळण्यास सुमारे १० घनमीटर हवा लागते. ताशी सव्वा घनमीटर वायू जाळणारा ६ लिटरचा गिझर ताशी १२ घनमीटर हवा वापरतो. आपल्याकडचे ४ बाय ७ फुटांचे, ८ फूट उंचीचे न्हाणीघर म्हणजे जेमतेम सव्वासहा घनमीटर. अर्ध्या तासात तो गिझर त्या खोलीतल्या सगळ्या हवेइतकी हवा वापरून टाकतो, आणि त्याच खोलीत दार लावून माणूस आंघोळ करत असतो. प्राणवायू कमी पडू लागला की ज्योत अर्धवट जळते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. चक्कर येते, हातपाय गळतात, आणि कडी उघडण्याचे बळ राहत नाही. आपल्या राज्यात अशा मृत्यूंच्या बातम्या दर काही काळाने वाचाव्या लागतात आणि त्यांतला प्रत्येक मृत्यू टाळता येण्यासारखा असतो.

गॅस गिझर ड्राय बाल्कनीत, म्हणजे स्वयंपाकघरालगतच्या धुण्याभांड्याच्या लहान बाल्कनीत, किंवा बाहेरच्या मोकळ्या हवेशी थेट जोडलेल्या जागेत बसवावा, त्याचा धूर नळीवाटे इमारतीच्या बाहेर सोडावा, आणि ड्राय बाल्कनी काचांनी पूर्ण बंद केलेली असेल तर तिची एक बाजू कायमची उघडी ठेवावी. न्हाणीघरातली झरोक्याची जाळी किंवा एक्झॉस्ट फॅन याला पर्याय नव्हे. एक्झॉस्ट फॅन उलट धूरच आत ओढू शकतो. अशी जागा घरात नसेल तर गॅस गिझर घेऊ नये, विजेचाच घ्यावा. याबाबत मला मधला मार्ग दिसत नाही. तसेच सिलिंडरच्या गॅससाठी बनवलेला गिझर नळाच्या गॅसवर परस्पर जोडू नये. दोन्हींचा दाब आणि नोझल वेगळे असतात. जोडणी गॅस कंपनीच्या अधिकृत माणसाकडूनच करून घ्यावी.

ड्राय बाल्कनीत गिझर बसवला की न्हाणीघरापर्यंत पाइप लांबतो. अर्ध्या इंची सीपीव्हीसी (गरम पाण्यासाठीच्या प्लास्टिकच्या) पाइपात दर मीटरला साधारण ०.१२ लिटर पाणी राहते. १० मीटर अंतर असेल तर दर वेळी सव्वा लिटर गार पाणी आधी बाहेर येणार. ते बादलीतच धरावे. पाइप भिंतीबाहेरून जात असेल तर त्यावर उष्णतारोधक आवरण घालावे. अनेक गॅस गिझर २० मिनिटांनी आपोआप बंद होतात, ही सुरक्षेची सोय आहे, बिघाड नव्हे. नळ बंद करून पुन्हा सोडला की ते पुन्हा पेटतात. त्यांतल्या दोन बॅटऱ्या उतरल्या तरीही गिझर पेटत नाही, तेव्हा दुरुस्तीवाल्याला बोलावण्याआधी त्या बदलून पाहाव्यात.

पाण्याचा जडपणा आणि खर्च

भातसा नदीचे किंवा मोरबे धरणाचे पाणी नळाला येते तिथे गिझरला क्षाराचा त्रास सहसा फार होत नाही. पण ज्या सोसायट्यांत बोअरवेलचे किंवा टँकरचे पाणी मिसळले जाते तिथे वर्षा-दोन वर्षांत तापणाऱ्या तारेवर पांढरा थर बसतो आणि पाणी पूर्वीइतके तापत नाही. साबणाला फेस कमी येत असेल, नळाच्या तोंडाशी पांढरे खवले दिसत असतील, तर पाणी जड आहे असे समजावे. मग यंत्र किंचित मोठे घेण्यापेक्षा वर्षातून एकदा ते उघडून साफ करून घेणे बरे. अशा घरात गॅस गिझरच्या तांब्याच्या नळीतही थर बसतो आणि प्रवाह घटतो, हे त्याच्या देखभालीत धरावे.

खर्चाबद्दल थोडक्यात. २० लिटरची एक बादली १८ अंशांनी तापवण्यास ०.४२ युनिट वीज लागते. चारजणांच्या रोजच्या चार बादल्यांना सुमारे १.७ युनिट. त्याच एका बादलीला नैसर्गिक वायू साधारण ०.०५ घनमीटर लागतो. आपल्या महावितरणच्या आणि गॅसच्या बिलांवरचे दर घेऊन हे आकडे गुणले की दोन्हींची तुलना पाच मिनिटांत होते. विजेची किंमत पाहताना आपला वापर कोणत्या टप्प्यात मोडतो ते पाहावे, कारण गिझरचे युनिट नेहमी सर्वांत वरच्या, महागड्या टप्प्यात जाऊन पडतात. इन्स्टंट गिझर घेतल्याने बादलीमागे लागणारी वीज कमी होत नाही. टाकीवाल्या गिझरमध्ये साठवलेले पाणी दिवसभर थंड होत राहण्यात जी उष्णता जाते तेवढीच वाचते.

ज्यांच्या इमारतीत गच्चीवर सौर यंत्रणेचे गरम पाणी येते त्यांनी ते पावसाळ्यात आणि ढगाळ दिवसांत किती अंशांवर येते हे मोजून मग पूरक गिझर ठरवावा. जुलैत ते २८ अंशांवर येत असेल तर ४० साठी १२ अंशांचीच वाढ हवी, आणि ३ किलोवॅटचा गिझर मिनिटाला साडेतीन लिटर देऊ शकतो. मात्र आत येणारे पाणी आधीच गरम असले तर चालेल का, हे गिझरच्या पुस्तिकेत पाहावे. पुष्कळ गॅस गिझर थंड पाण्यासाठीच बनवलेले असतात.

दुकानात जाताना एका कागदावर इतके लिहून न्यावे : जानेवारीतल्या पाण्याचे तापमान, सकाळच्या वेळी नळाचा व शॉवरचा प्रवाह, टाकीपासूनची उंची, बिलावरचा मंजूर भार, गॅस मीटरवरचा कमाल प्रवाह, आणि ड्राय बाल्कनीची एक बाजू उघडी आहे की बंद. विक्रेत्याने "किती लिटरचा?" असे विचारले की हा कागद त्याच्यापुढे ठेवावा आणि प्रत्येक गिझरचे किलोवॅट, किती अंशांच्या वाढीवर किती लिटर, पेटण्यासाठीचा किमान प्रवाह आणि किमान ज्योत हे चार आकडे पाटीवरून वाचून दाखवण्यास सांगावे. विजेच्या इन्स्टंट गिझरवर आयएस ८९७८ या मानकाची खूण आहे का तेही पाहावे. जो विक्रेता हे आकडे पाटीवर दाखवू शकत नाही त्याच्याकडून गिझर घेऊ नये.